वेबसॉकेट जगवायचं की मरू द्यायचं?

टिळकवाडीकर: भाजी मार्केटच्या लिलावातले दर शेतकऱ्यांच्या मोबाईलवर लाईव्ह दाखवायचं ॲप करालोय. त्याला वेबसॉकेट वापरालोय, म्हणजे फोन आणि सर्व्हरमधलं उघडंच राहणारं कनेक्शन. माझं मत सरळ हाय, ते जगवायच्या नादाला लागूच नये, स्क्रीन बंद झाली की सॉकेट क्लोज, उघडली की नवीन. आमच्यातला एकजण दर 10 सेकंदाला पिंग (कनेक्शन जिवंत हाय का विचारणारा छोटा संदेश) मारालाय आणि लोकांची बॅटरी खालाय.

खानापूरचा गडी: स्क्रीन चालू असतानाच मेलं तर काय करणार ते सांग की. बेळगावात बसून सोपं वाटतंय, कणकुंबीच्या जंगलात गाडी शिरली की रेंज जाते, मग क्लोज फ्रेम (कनेक्शन बंद करालोय सांगणारा निरोप) पाठवणार कोण? तुझा सर्व्हर आपला कनेक्शन हाय समजून बसलेला. लिनक्सचं टीसीपी कीपअलाईव्ह (गप्प पडलेलं कनेक्शन तपासायची सोय) डीफॉल्टला 7200 सेकंदांनी जागं होतंय, तेबी तू चालू केलं असलंस तर. तोवर लिलाव आटपून लोक घरी.

टिळकवाडीकर: पण मी दर पाठवत असतोय ना, पोचपावती आली नाही की मरतंय ते आपोआप.

खानापूरचा गडी: मरतंय की, रिट्रान्समिट (तोच डेटा परत पाठवणं) करून करून अंदाजे 15 मिनिटांनी!

निपाणीकर: पिंग पाहिजेच, पण 10 सेकंद म्हणजे अती झालं. मधे बसणाऱ्या एनजिनएक्स वेब सर्व्हरचा प्रॉक्सी रीड टाईमआऊट (काही आलं नाही तर कनेक्शन तोडायची मुदत) डीफॉल्टला 60 सेकंदांचा असतोय, त्याच्या आत 25-30 ला मारा, बास. आणि ब्राऊझरच्या जावास्क्रिप्टमधनं पिंग फ्रेम पाठवताच येत नाही, सर्व्हरनं पाठवलेली दिसतपण नाही, तेव्हा क्लायंटला कळायला साधा मेसेजच ठेवायला लागतोय. क्लोज कोड 1006 (कनेक्शन नीट बंद न होता तुटलं) बघून सर्व्हरला शिव्या घालू नका, तो कोड वायरीवरनं येतच नाही, ब्राऊझर स्वतःच लावतोय.

चिकोडीचा पाव्हणा: एकाच बाजूनं दर जाणार तर वेबसॉकेट कशाला म्हणतो मी? इव्हेंटसोर्स (सर्व्हरकडनं नुसतं ऐकायची ब्राऊझरची सोय) वापर, तुटलं तर आपणच जोडून घेतंय, कुठवर मिळालं ते सांगायला शेवटचा इव्हेंट आयडीपण पाठवतंय. माल किती येणार ते शेतकरी कळवणार असला तर साधी पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरला एकदाच डेटा पाठवणं) मार.

टिळकवाडीकर: हे पटालंय थोडं. पण पिंगचं नाही पटत अजून, रीकनेक्टला एक सेकंद पण लागत नाही.

निपाणीकर: एका फोनला नाही लागत. सर्व्हर रीस्टार्ट कर आणि बघ सगळे एकदम कसे धडकतात ते. रीकनेक्टच्या आधी थांबायचा वेळ दरवेळी दुप्पट कर, त्यात थोडं रँडम घाल.

खानापूरचा गडी: आणि नवीन उघडताना जुनं क्लोज करतोस ना रे? मी रीकनेक्टचा टायमर क्लीअर करायला विसरलोतो, एकाच फोनची चार कनेक्शनं, टोमॅटोचा दर चारदा वाजालाय. आमच्या काकांना वाटलं भाव चढालाय.