कलेक्शनमधला एकच चाकू ठेवायचा असेल तर कुठला ठेवाल?

दुसरा_मजला

मंडळी एक प्रश्न आहे, जरा सिरियसली घ्या. आमची बिल्डिंग एकदाची रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही कांदिवलीला भाड्याच्या वन बीएचकेत चाललोय. तिथे कपाटं मोजकी, आणि बायकोने प्रत्येक खणाचा हिशेब मांडलाय. माझ्या वाट्याला अर्धा खण आलाय, त्यात चार्जर, फाइली आणि "तुझ्या त्या सुऱ्यांमधला एक". एकच. बाकीचे विका, वाटा, काय ते करा.

तर काय काय आहे ते सांगतो. व्हिक्टोरिनॉक्सचे दोन, एक लाल स्पार्टन आणि एक पायोनियर, म्हणजे तो चंदेरी ॲल्युमिनियमच्या मुठीचा. ओपिनेल नंबर ८, कार्बन स्टीलवाला. बक ११०, ऑफिसमधल्या एकाने अमेरिकेहून आणून दिलेला, पितळ आणि लाकूड, हातात घेतला की खाली ठेववत नाही. चोर बाजारातून उचललेला एक रामपुरी, तो उघडताना जो कडकड आवाज करतो त्याने आई अजून दचकते. आणि एक जपानी हिगोनोकामी, त्याला लॉक नाही स्प्रिंग नाही, नुसती दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्याला मागे एक शेपटी, ती अंगठ्याने दाबून धरायची की पातं जागेवर राहतं.

वापर म्हणाल तर फार ग्रेट काही नाही. पार्सलं, फळं, कधी वायर सोलायची, पावसाळ्यात एखाददोन ट्रेक. तुम्ही कुठला ठेवला असता आणि का? "सगळे ठेव" असं प्लीज लिहू नका, तो प्रस्ताव घरी फेटाळला गेलाय.

कसारा_लोकल

पायोनियर. विषय संपला.

बरं, का ते पण सांगतो. स्विस सैनिकांना १९६१ पासून जो चाकू मिळायचा त्याचाच हा जवळजवळ जुळा भाऊ, तिकडे सैन्यात ते डिझाइन पन्नास एक वर्षं टिकलं म्हणजे त्यात काहीतरी असणारच ना. एक मोठं पातं, कॅन ओपनर, बाटलीचं ओपनर आणि भोक पाडायची आरी, बास. कॅन ओपनरचं जे बारीक टोक आहे ते फुलीच्या स्क्रूला पण बऱ्यापैकी बसतं हे खूप जणांना माहीतच नसतं, घरातल्या स्विचबोर्डचे स्क्रू मी त्यानेच काढतो (मेन बंद करून, उगाच कोणी शिकवायला येऊ नका). आरीने सॅकच्या पट्ट्याला भोक पाडता येतं, बेल्टला पाडता येतं. मुठीवर प्लास्टिक नाही त्यामुळे हरिश्चंद्रगडावर दगडावर आपटला तरी फार तर एक पोचा पडतो. आणि जाडीला इतका कमी की पँटच्या खिशात आहे हे विसरायला होतं.

बक ११० सुंदर आहे मान्य, पण दोनशे ग्रॅम वजन आहे त्याचं राव. बेल्टला पाऊच लावून कांदिवली ते चर्चगेट करणार आहेस का?

खाडीकाठ

मी ओपिनेलवाला त्यामुळे माझा बायस धरूनच वाचा.

पॉकेट नाइफचं पहिलं काम कापणं, स्क्रू फिरवणं नाही. आणि कापायला यातलं एकपण ओपिनेलच्या जवळ येत नाही. पातं साडेआठ सेंटीमीटर, पण पातळ. पेरू कापून बघ, सुरी घातली आणि फोड पडली, जोर लावावाच लागत नाही. तेच बकने कर, त्याचं पातं जाड, ते पाचरीसारखं घुसतं आणि पेरू कापला न जाता फाटतो. धार कितीही लावली तरी जाडी कुठे जाणार? १८९० मध्ये फ्रान्समध्ये सावोयच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने हा चाकू शेतकऱ्यांसाठी बनवला, मोठा बदल त्यानंतर एकच, पात्याला जागेवर अडकवणारी ती फिरती कडी १९५५ मध्ये आली. बाकी तेच. पातं, लाकूड, एक पिन.

आता खरं बोलायचं तर मुंबईत एक लफडं आहे. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ जुलैत हवेतला दमटपणा पिऊन फुगते आणि पातं आतमध्ये असं रुतून बसतं की खाचेत नख घालून ओढलं तर नख तुटेल पण पातं येणार नाही. त्यावर तिकडच्याच लोकांचा उपाय आहे, कडी उघड्या बाजूला फिरवायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठण्णकन आपटायचं, पातं दोन-चार मिलीमीटर वर येतं, मग चिमटीत धरून काढायचं. बाकी मे महिन्यात लाकूड कोरडं असताना सांध्यात व्हॅसलिन भरून ठेव आणि मुठीला जवसाचं तेल पाज. ऑगस्टमध्ये थोडा अडतोच तरी पण. प्रेमात एवढं चालतं.

कोर्टनाका

कापण्याबिपण्याचं तुम्ही बघा, मी दुसरं सांगतो. घरात ठेवायचा आणि खिशात घेऊन फिरायचा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वन बीएचकेत राहणाऱ्या माणसाचा चाकू बराच वेळ घराबाहेरच असणार.

शस्त्र नियमांत लायसन्स लागणारं शस्त्र म्हणून ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं धरलंय, घरकाम, शेती वगैरेसाठी बनवलेली हत्यारं सोडून. त्या मापात तुझ्याकडचं काहीच बसत नाही त्यामुळे लायसन्सचा प्रश्न नाही. पण लोक इथेच थांबतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ बघ, त्याखाली मनाई आदेश निघतो तेव्हा जवळ बाळगायला बंदी असलेल्या वस्तूंमध्ये चाकू सरळ नाव घेऊन आहे, तिथे इंचाबिंचाचा हिशेब नाही. असे आदेश मुंबईत सणासुदीला, निवडणुकीला निघत असतात. म्हणजे ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी कपड्यात गुंडाळून ठेवलेला चाकू वेगळा आणि गणपतीच्या गर्दीत लालबागला खिशात असलेला चाकू वेगळा.

आणि कागदावर काहीही असो, समोरच्याला काय दिसतं ते महत्त्वाचं. लाल स्विस चाकू बघून मॉलचा गार्ड फार तर "साब ये यहाँ रखके जाओ" म्हणेल. रामपुरी निघाला तर तुला समजावायला अख्खा दिवस लागेल, सत्तरच्या दशकातल्या सगळ्या व्हिलन लोकांनी तशी सोय करून ठेवलीय. रामपूरला २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा केलाय म्हणे अभिमानाने, त्यांना शोभतो, आपल्याला मेट्रोच्या स्कॅनरमध्ये नाही शोभणार. विमानात केबिन बॅगेत तर यातला कुठलाच नाही, चेक-इनमध्येच टाकायचा.

दुसरा_मजला

@कोर्टनाका दादा बरं झालं सांगितलंत, रामपुरी तसाही शोपीसच होता. तो बाद. हिगोनोकामीपण बाद म्हणायला हरकत नाही, लॉक नसल्यामुळे मुलीच्या हाताला लागेल ही धाकधूक कायम असते.

राहिले चार. खाडीकाठभाऊ, कार्बन स्टीलच्या गंजाचं काय? मी वापरून पुसून ठेवतो तरी पात्यावर तांबूस ठिपके येतात.

नागदेवी

गंजावर मी बोलतो, टूल्सच्या धंद्यात आहे.

पुसून ठेवतोस ते ठीक, पण कशात ठेवतोस? चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवत असशील तर आधी ते बंद कर. चामडं ओल धरून ठेवतं, पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि बकच्या पितळेवर जो हिरवट थर चढतो तो पण त्यातूनच. पाऊच वेगळं, चाकू वेगळा. डब्यात बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या टाक.

तेल म्हणशील तर खोबरेल नको, काही महिन्यांनी वास मारायला लागतं. सोयाबीन-सूर्यफूल तर अजिबात नको, सुकून चिकट होतं आणि सांध्यात कचरा धरतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला घेतात ते, त्याचे दोन थेंब फडक्यावर. स्वस्त, वास नाही, पोटात गेलं तरी थेंबाने काही होत नाही त्यामुळे फळं कापायचा चाकू असला तरी बिनधास्त.

आणि ठिपके वेगळे, काळेपणा वेगळा. कैरी कापली, लिंबू कापलं की कार्बनचं पातं करडं-निळसर काळं पडतं, ते गंज नाही, उलट तो थर बसला की पुढचा लाल गंज जरा कमी धरतो. ते घासून चकचकीत करत बसू नकोस. फक्त नव्या पात्याने कापलेल्या कैरीला लोखंडी चव येते, घरचे बोंब मारणार.

धारेचं पण सांगून ठेवतो, सायकलवर चाक फिरवत धारवाला येतो त्याच्याकडे विळी दे, कोयता दे, हे चाकू देऊ नकोस. त्या चाकावर पातळ पातं कोरडंच धरलं की टोक तापून निळं पडतं आणि तिथलं पाणी, म्हणजे स्टीलचा कडकपणा, उतरतं, मग कितीही घास, धार टिकत नाही. हजार ग्रिटचा एक दगड घे, पाणी लाव, एका बाजूला पंधरा ते वीस डिग्री आणि घाई न करता. दगड नसेल तर चिनीमातीचा कप उपडा कर, बुडाला जी ग्लेज नसलेली खरखरीत कड असते तिच्यावर हलक्या हाताने ओढ. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील तसं मऊ आहे, त्याला एवढंच पुरतं. धार लवकर जाते पण लवकर येते पण, घरगुती माणसाला तेच बरं.

कसारा_लोकल

म्हणजे पायोनियर 😄

सुलूकाकू

मी इथे सहसा रेसिपीच्या धाग्यांवर असते, हा चुकून उघडला आणि वाचतच बसले. अरे बाळांनो सगळं शास्त्र सांगितलंत, सैन्य झालं, कलम झालं, पोट साफ करायचं औषध पण झालं, पण त्याला साधं कोणी विचारलं नाही की यातला घरात रोज हाताला कुठला येतो. आंब्याची पेटी आली तेव्हा सुतळी कशाने कापलीस आणि वरची फळी कशाने उचकटलीस? जे हाताला येतं ते ठेव, बाकी सगळं हौसेचं.

आणि पात्याच्या टोकाने पेटी उचकटत असशील तर नको करूस, आमच्या ह्यांनी असंच एका चांगल्या सुरीचं टोक मोडलंय. बाटली उघडायच्या त्या चपट्या तोंडाने उचल, फळी आणि खिळ्याच्या मध्ये सरकवून जरा पिळायचं, खिळा आपोआप वर येतो.

दुसरा_मजला

काकू तुम्ही एकदम वर्मावर बोट ठेवलंत. तुमचा मेसेज वाचून लिस्ट टॅली करायला खोका काढला तर त्यात स्पार्टन नाहीच. बायकोला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "तो लाल? तो तर ओट्याच्या ड्रॉवरमध्ये असतो, कधीचा." दुधाच्या पिशव्या, मसाल्याची पाकिटं, कुरियरची टेप, सगळं त्यानेच. छोटं पातं दुधाच्या पिशवीला, मोठं टेपला, असं वाटप पण आहे तिचं. कॉर्कस्क्रूने बुटाच्या लेसची ओली गाठ सोडवते, हे मला नव्हतं सुचलं. आणि मुलीच्या पायात मागे करवंदाचा काटा गेला होता तो त्यातल्या चिमट्याने काढला म्हणे, मला वाटलं होतं सुईने काढला.

खाडीकाठ

हाहाहा. मग झालं की. स्पार्टन वहिनींचा, किचनच्या सामानात जाणार, तो तुझ्या कोट्यात धरायचाच नाही. तुझा एक अजून शिल्लक आहे. ओपिनेल ठेव.

कसारा_लोकल

हा शुद्ध वकिली मुद्दा आहे पण मला पटला. फक्त उत्तर चुकलं, पायोनियर. चिमटा नाही एवढीच त्याची खोड, आणि चिमटा आता घरात आहेच.

कोर्टनाका

वकिली मुद्दा म्हणून मला टॅग करायची गरज नव्हती. पण हो, स्त्रीधनात मोडतो.

दुसरा_मजला

घरी हा युक्तिवाद मांडला. मान्य झाला, अटीसह: दुसरा जो ठेवेन तो तिच्या ड्रॉवरमध्ये नाही येणार आणि पावसात मूठ आपटायचा ठण्ण आवाज घरात नको (तिने पण धागा वाचला). म्हणजे ओपिनेल आपोआप बाद. खाडीकाठभाऊ सॉरी, पेरूचं तुमचं शंभर टक्के पटलंय, पण स्टेनलेसवाला घेतला तरी लाकूड तेच ना.

पायोनियर ठेवतोय. ट्रेकच्या सॅकमध्येच राहील, एरवी खणात.

बक ऑफिसवाल्यालाच परत देतोय, त्याने आणला होता प्रेमाने, विकणं बरं दिसत नाही. हिगोनोकामी भाच्याला, तो लाकूडकाम करतो आणि त्याच्याकडे लहान मुलं नाहीत. रामपुरीचं अजून ठरलं नाही. ओपिनेल हवा असेल तर खाडीकाठ तुमचा पहिला हक्क, पैसे नकोत, शनिवारी दादरला मोठ्या इंडिकेटरखाली भेटा, मी आधीच व्हॅसलिन भरून आणतो.

खाडीकाठ

माझ्याकडे तीन आहेत ऑलरेडी. येतो. किती वाजता?

सुलूकाकू

रामपुरी नका हो ठेवू घरात.