लाइपझिगमध्ये एका दिवसात पायी काय काय पाहावं?

सावनी_पु : पुढच्या शुक्रवारी मी आणि आई जर्मनीत लाइपझिगला जातोय. आई ६८ वर्षांची, जन्मभर पेटी वाजवत आलेली. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख, त्याच्याबद्दल तिला फार कुतूहल आहे. गाइड नको, आपल्या चालीनं फिरायचंय. ‘नोटेनश्पूर’ नावाची संगीतवाट पाच किलोमीटरची आहे आणि तिच्यावर २३ ठिकाणं आहेत. आईचे गुडघे पाहता सगळं झेपणार नाही. काय ठेवू, काय सोडू?

पायवाट : सावनी, २३ च्या मागे लागूच नकोस. फरसबंदीत स्टीलच्या वळणदार पट्ट्या बसवल्या आहेत, त्या धरून चालत राहायचं.

सुरुवात संगीतकार मेंडेल्सोनच्या घरापासून कर. १८४७ मध्ये तो तिथंच वारला. आत एक खोली आहे: हातात छडी घेऊन उभं राहायचं, समोरचे स्पीकरचे खांब म्हणजे आपला वाद्यवृंद. छडी सावकाश केली की लय उतरते. मी विलंबित करत नेलं तेव्हा व्हायोलिनचा एकेक सूर सुटा ऐकू आला. आईंना तिथं निवांत वेळ दे.

मग जवळच ग्रासी संग्रहालयातली वाद्यं. क्रिस्तोफोरीनं १७२६ मध्ये घडवलेला पियानो तिथं आहे. पियानोचा जनकच तो, आणि त्याचे जेमतेम तीन पियानो आज उरलेत. पेटी वाजवणाऱ्या माणसानं हे चुकवू नये.

निषाद : संगीतकार शूमानचं घर सोडू नका! लग्नानंतरची पहिली चार वर्षं रॉबर्ट आणि क्लारा तिथं राहिले. क्लारा मोठी पियानोवादक, शिवाय याच गावची लेक.

पायवाट : पाय दुखत नसतील तरच, असं माझं मत. संध्याकाळ थॉमसकिर्श या चर्चसाठी राखायलाच हवी. १७२३ पासून मरेपर्यंत, २७ वर्षं बाखनं तिथं नोकरी केली. बाहेरच्या पुतळ्याच्या कोटाचा डावा खिसा उलटा काढलेला दिसेल, म्हणजे रिकामा. बाजूच्या बागेत बाखचं जुनं स्मारकही आहे, १८४३ मधलं. ते उभारलं मेंडेल्सोननं. सकाळी ज्याच्या घरी गेलात त्यानंच. म्हणून तर मी हा क्रम सांगतोय.

आत बाखची समाधी आहे. जमिनीत बसवलेली धातूची पाटी, त्यावर फक्त नाव. बहुतेक वेळा कुणीतरी फुलं ठेवलेली असतात.

आणि तुम्ही शुक्रवारी जाताय! सहा वाजता तिथं मोटेट असतं, म्हणजे प्रार्थनेतलं समूहगान. बाख ज्या मुलांना शिकवायचा त्यांचाच हा गायकवृंद, आजही चालू आहे. शाळेला सुट्टी असली तर दुसरे गातात, तेवढं आधी बघून ठेव.

सावनी_पु : सुट्टी नाहीये, आत्ताच पाहिलं. शूमान राहू दे, दुपारी आई विश्रांती घेईल. किती वाजता पोचू?

पायवाट : सव्वापाचला दारात. पुढची जागा मिळाली नाही तरी चालेल, आवाज मागून, वरून येतो.