मदत हवी आहे: वायरगार्डमधून लहान पॅकेटं जातात, मोठी अडकतात

घरच्या फायबरवरून ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरला वायरगार्डने (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेला खासगी बोगदा, टनेल) जोडतो. सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ता लागला आणि तेव्हापासून दुखणं सुरू. हँडशेक (जोडणीची सुरुवातीची ओळख) होतो, पिंग (छोटं चाचणी पॅकेट) जातो, एसएसएचने (दुरून कमांड चालवायची सोय) लॉगिनही होतं. पण मोठी लॉग फाइल उघडली की चार ओळी येऊन स्क्रीन गोठते. आयपीव्ही४ पत्ता थेट टाकला तर सगळं झकास.

घरचं कनेक्शन पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडायची पद्धत) आहे. टनेल बंद ठेवून, पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून आयपीव्ही४वर पिंग मारला: १४६४ बाइट जातात, १४६५ जात नाहीत. हेडरचे २८ धरून एमटीयू (एका वेळी जाऊ शकणारं सगळ्यात मोठं पॅकेट) १४९२. वायरगार्ड दोन्हीकडे नेहमीच्या १४२०वर. आयपीव्ही४वर त्याचा बोजा ६० बाइट, म्हणजे १४८०, आरामात मावतं. आयपीव्ही६वर ८०, म्हणजे बरोब्बर १५००, १४९२च्या वर आठ. आठ बाइटांसाठी हा सगळा तमाशा!

लॅपटॉपवर वायरगार्डचा एमटीयू १४१२ (१४९२ वजा ८०) केला आणि एसएसएच, गिट, ब्राउझर सगळं सुटलं. आता प्रश्न असा: सर्व्हर अजून १४२०वरच आहे आणि मोठी पॅकेटं तर तिकडूनच येतात, मग हे चाललं कसं? सर्व्हरला हात लावायचा तर अ‍ॅडमिन सरांना पटवावं लागेल, म्हणून कारण पक्कं हवंय.

उत्तर १
टीसीपी (एसएसएच, गिट ज्यावर चालतात ती पद्धत) जोडणी होताना लॅपटॉप सिन पॅकेटमध्येच (जोडणीचं पहिलं पॅकेट) आपला एमएसएस (एका पॅकेटातला जास्तीत जास्त डेटा) सांगून टाकतो: १४१२ वजा हेडरचे ४०, म्हणजे १३७२. सर्व्हर त्याहून मोठा सेगमेंट (डेटाचा तुकडा) पाठवतच नाही. यूडीपीत (आधी जोडणी न करता पाठवायची पद्धत) अशी बोली होत नाही, तिथे पुन्हा अडकाल. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेट फोडत नाही. टाकून देतो आणि 'पॅकेट टू बिग' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप मागे धाडतो. सर्व्हरच्या फायरवॉलवर आयसीएमपीव्ही६ सरसकट बंद आहे का बघा. 'सुरक्षेसाठी' म्हणून बरेच जण तेच करून ठेवतात.

धागाकर्ता
बंदच आहे! नुसता टाइप २ (तो 'पॅकेट टू बिग' निरोप) उघडला तर भागेल का? एक मित्र म्हणतो, सरळ एमटीयू १२८० कर आणि मोकळा हो.

उत्तर २
१२८०ने चालेल, पण उगाच कशाला? १४१२ मोजून काढलंय ना तुम्ही. टाइप २ उघडाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. निरोप वाटेतही गळतात. सर्व्हरलाही १४१२ लावा. सर्व्हर वापरणाऱ्या बाकीच्यांचे पॅकेटमागे आठ बाइट जातील, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सरांना हाच आकडा दाखवा.