मदत हवी आहे : घरदुरुस्तीसाठी कॉफीहाउस मैफल करतो, पण ज्यांचं घर त्यांचा मान कसा राखायचा?

नमस्कार. लांबलचक लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

मी अमेरिकेत राहते आणि तीन वर्षांपासून इथल्या एका छोट्या स्वयंसेवी गटात आहे. पंधरा-वीस माणसं आहोत. ज्यांना स्वतःच्या घराची डागडुजी परवडत नाही, त्यांची कामं आम्ही फुकट करून देतो. त्यात बहुतेक एकटी राहणारी वयस्कर माणसं असतात. गळकं छप्पर, कुजलेली पायरी, बाथरूममध्ये धरायला दांडी, व्हीलचेअरसाठी रॅम्प, असली कामं. अंगमेहनत आमची, पण सामानाला पैसे लागतात. ते उभे करायला आम्ही वर्षातून चार वेळा कॉफीहाउस मैफल करतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी : छोटं सभागृह, गोल टेबलं, दारू नाही, फक्त कॉफी, आणि गाणं सुरू झालं की गप्पा बंद. आपल्या बैठकीच्या बराच जवळ जाणारा प्रकार. इथे त्याला जुनी परंपरा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा क्लब ४७ हा १९५८ सालचा, आज तो पासिम नावाने चालतो. साराटोगा स्प्रिंग्जचं कॅफे लीना १९६० साली सुरू झालं आणि अजून चालू आहे. बॉब डिलन कोणाला फारसा माहीत नव्हता तेव्हा, १९६१ साली, तिथे गाऊन गेला. आमच्या गटातले एक काका अशा ठिकाणी तरुणपणी खुर्च्या लावायचे. मैफलीची कल्पना त्यांचीच.

मला हे काम मनापासून आवडतं. नवं घर बांधायचं म्हटलं की लोक लगेच पैसे देतात, कारण किल्ली हातात देतानाचा फोटो असतो. दुरुस्तीत तसं काही नसतं. कमोडच्या बुडाशी मेणाची रिंग असते. ती निकामी झाली की थेंब थेंब पाणी खालच्या प्लायवुडमध्ये जिरतं, आणि दोन-तीन वर्षांनी तिथे पाय ठेवला की जमीन स्पंजासारखी दबते. वरून फरशी ठीक दिसते. एखाद्या आजी रात्री तिथे पडल्या आणि खुबा मोडला, की मग घर सुटतं ते सुटतंच. हे टाळायला लागतात दोन प्लायवुड, एक रिंग आणि एक शनिवार. पण हे लोकांना सांगायचं कसं? इथेच आमची चूक झाली.

मागच्या मैफलीत सूत्रसंचालकाने मध्यंतराच्या आधी पडद्यावर एका घराचे फोटो दाखवले. काम आमच्याकडेच नोंदवलेलं होतं. नाव घेतलं नाही, पत्ता सांगितला नाही. बाथरूमची कुजलेली जमीन, छताला पडलेले पिवळे डाग, स्वयंपाकघर. लोक हळहळले. टोपी फिरवली तेव्हा एरवीपेक्षा बरेच जास्त पैसे जमले, हेही खरं.

ज्यांचं ते घर, त्या आजी मागच्या टेबलावर बसल्या होत्या. आम्हीच त्यांना आमंत्रण दिलं होतं, गाणं ऐकायला या म्हणून. मी कॉफीच्या बंबापाशी उभी होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी कप बशीत ठेवला, पर्स मांडीवर घेतली आणि पडद्याकडे न बघता हातांकडे बघत राहिल्या. मध्यंतरात कोट घालून निघून गेल्या. मी दारापर्यंत गेले, पण काय बोलावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी हे मांडलं. काही जण म्हणाले, नाव घेतलं नव्हतं, मग काय बिघडलं? काही म्हणाले, फोटो नसते तर एवढे पैसे जमले नसते आणि त्या पैशांतूनच त्यांच्या बाथरूमची जमीन दुरुस्त होणार आहे. मला हे पटत नाही. पण "मग पैसे कसे मागायचे ते तू सांग" म्हटल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर मला विचारायचं आहे :

घर न दाखवता दुरुस्तीचं महत्त्व श्रोत्यांपर्यंत पोचवायचं कसं? कोणी असा निधी गोळा केला असेल, इथे नाहीतर भारतात, तर कृपया सविस्तर लिहा.

दुसरं, पुढच्या वेळी कलाकारांना थोडंतरी मानधन द्यावं असा एक सूर आहे. मलाही ते योग्य वाटतं, पण गाण्यांच्या हक्कांच्या बाबतीत त्याने काही फरक पडतो का?

आणि शेवटचं. मी त्या आजींना भेटायला जावं का? काम अजून व्हायचं आहे. माफी मागायला गेले तर त्यांना आणखी अवघडल्यासारखं होईल अशी भीती वाटते.

(वीज हा वेगळाच विषय. पहिल्या मैफलीत बंब आणि अँप्लिफायर एकाच सर्किटवर होते आणि ऐन गाण्यात अंधार झाला. १५०० वॉटचा बंब १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर खेचतो आणि इथली बरीच सर्किटं १५ अँपिअरची. कोणी असं काही करणार असेल तर बंबाला वेगळी लाइन शोधा आणि शांत गाण्यांच्या आधीच कॉफी उकळून घ्या.)

प्रतिसाद

मानधनाबद्दल लिहितो, कारण आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांसाठी हे वाचावं लागलं होतं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कलम ११०, पोटकलम ४ अशी एक सवलत आहे. कार्यक्रमामागे व्यापारी हेतू नसेल आणि गाणाऱ्यांना, आयोजकांना, कार्यक्रम भरवणाऱ्यांना सादरीकरणाचा मोबदला दिला जात नसेल, तर इतरांची गाणी परवान्याशिवाय सादर करता येतात. त्यातही प्रवेश मोफत असला पाहिजे, किंवा खर्च वजा जाता सगळे पैसे धर्मादाय, शैक्षणिक वा धार्मिक कामाला गेले पाहिजेत. तिकीट लावलंत तर गाण्याच्या हक्कदाराला निदान सात दिवस आधी लेखी हरकत घेण्याची मुभा आहे.

म्हणजे थोडंसं मानधन दिलंत तरी ही सवलत जाते. मग ॲस्कॅप, बीएमआय वगैरे गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांचा परवाना लागतो. मानधन देऊ नका असं मी म्हणत नाही, कलाकाराच्या कष्टाला मोल आहेच. फक्त आधी सभागृहाकडे परवाना आहे का ते विचारा, कित्येक ठिकाणी तो असतो. आणि ठरवाल ते कलाकारांना आधीच स्पष्ट सांगा.

आणखी एक. तुमचा गट करमुक्त संस्था म्हणून नोंदलेला असेल आणि "हे पैसे अमुक आजींच्या घरासाठी" असं सांगून गोळा केलेत, तर त्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. ठरावीक व्यक्तीसाठी राखून दिलेली देणगी, संस्थेमार्फत दिली तरी, सवलतीला पात्र नसते. पैसे दुरुस्ती निधीसाठी मागायचे आणि कुठलं घर आधी ते गटाने ठरवायचं, हीच सरळ वाट. तुमच्या बैठकीत हे सांगा. फोटोंचा मुद्दा निम्मा इथेच निकाली निघेल.

प्रतिसाद

मी बांधकामाच्या धंद्यात आहे. ताई, घर दाखवू नका, काम दाखवा.

दाराशी एक टेबल मांडा. त्यावर शिंगलचा, म्हणजे छपरावर ठोकायच्या चपट्या तुकड्यांचा, एक गठ्ठा ठेवा आणि पाटी लावा : "हा साधारण ३३ चौरस फूट छप्पर झाकतो." तीन गठ्ठ्यांत शंभर चौरस फूट होतात. लोक गठ्ठा उचलून बघतील, वजन हाताला कळेल. शेजारी धरायची दांडी ठेवा, लाकडी चौकटीच्या तुकड्यात पक्की बसवलेली. ओढून बघू द्या. भिंतीच्या नुसत्या जिप्सम बोर्डात बसवलेली दांडी माणसाचं वजन पेलत नाही, आतल्या लाकडातच स्क्रू जावा लागतो, हे तिथल्या तिथे समजतं.

रॅम्पचं तर जमिनीवर टेप चिकटवून दाखवता येतं. इथला नियम एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. दारातल्या पायऱ्यांची एकूण उंची २४ इंच असेल तर २४ फुटांचा रॅम्प. सभागृहाच्या दारापासून मंचाकडे २४ फूट टेप लावा. लोक त्यावरूनच आत येतील, आणि तीन पायऱ्यांच्या बदल्यात केवढं लाकूड लागतं ते आपोआप दिसेल. कोणाच्या स्वयंपाकघरात डोकवायची गरजच उरत नाही.

प्रतिसाद

तुम्ही आजींकडे जाच. माझ्या आईच्या घराचं काम अशाच लोकांनी केलं होतं. मदतीचं तिला कधी ओझं वाटलं नाही. तिला न विचारता तिच्याबद्दल बोललं गेलं की मात्र दिवसभर गप्प असायची. जाताना काही नेऊ नका, समजावत बसू नका. चुकलं म्हणा आणि मग कामाचं विचारा : दांडी कुठल्या बाजूला हवी, कुठल्या हाताने धरता. घर त्यांचं आहे, ठरवू दे त्यांना.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. निधीबद्दलचा मुद्दा बैठकीत वाचून दाखवला. पडदा बंद, असं एकमताने ठरलं. टेप आणि शिंगलचा गठ्ठा पुढच्या वेळी नक्की. मानधनाचं अजून ठरलेलं नाही, सभागृहाला परवान्याबद्दल विचारलं आहे.

काल आजींकडे जाऊन आले. चुकलं म्हटलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, जमिनीचं काही वाटलं नाही, ती कुजली आहे ते मलाच माहीत. पण स्वयंपाकघरातल्या फोटोत दाराच्या खुंटीला यजमानांचा कोट होता. तो लोकांनी बघायचा नव्हता. आमच्यापैकी एकाच्याही लक्षात तो कोट आला नव्हता.

मग मी दांडीचं विचारलं. त्या उठून बाथरूममध्ये गेल्या, कमोडवर बसून डावा हात भिंतीवर टेकवला आणि म्हणाल्या, "इथे." मी पेन्सिलने खूण केली. आमच्या नकाशात ती उजवीकडे होती.

निघताना त्यांनी विचारलं, मध्यंतरानंतर तो चेलो वाजवणारा मुलगा होता ना, तो पुन्हा येणार आहे का? त्याचं त्या दिवशी राहूनच गेलं. त्याला आज फोन केला आहे. येतो म्हणाला.