जुनी ४०७ आणि छुपा स्विच : इग्निशनची तार तोडली तरी इंजिन बंद होत नाही

तुर्भेकर_४०७ यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची टाटा ४०७ आहे. पहाटे एपीएमसीच्या भाजी मार्केटमधून माल भरून ठाणे आणि कळव्याच्या दुकानदारांना पोचवणे हे तिचे रोजचे काम असून, रात्री ती तुर्भ्यात रस्त्याच्या कडेला, आणखी पाच-सहा टेम्पोंच्या रांगेत उभी असते. मागच्या महिन्यात त्याच रांगेतला एक टेम्पो रात्रीतून गेला. माझ्या गाडीचे स्टिअरिंग लॉक कधीच निकामी झाले आहे आणि किल्लीचे कुलूप इतके झिजले आहे की इंजिन चालू असताना किल्ली काढून खिशात टाकता येते. कोणाचीही जुनी किल्ली थोडी हलवली की लागेल, अशी मला भीती वाटते.

म्हणून जवळच्या एका वायरमनकडून छुपा स्विच बसवून घेतला. इग्निशनच्या कुलपातून निघणारी तार मध्ये तोडून त्याने ती एका लहान स्विचमधून फिरवली आणि स्विच डॅशबोर्डच्या खाली, फ्यूजच्या डब्याशेजारी लावला. बंद स्थितीत किल्ली फिरवली तर सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) लागत नाही, हे खरे आहे. परंतु काल गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून मी सहज तो स्विच बंद केला, तेव्हा मीटरचे काटे खाली पडले, दिवे गेले आणि इंजिन मात्र आरामात चालू राहिले. वायरमन म्हणतो की डिझेल गाडीत असेच असते. असे असेल तर या स्विचने गाडीचे रक्षण नेमके किती होते, आणि आणखी काय करता येईल, हे जाणकारांनी सांगावे.

कळंबोली_दहाचाकी यांचे उत्तर

तुमचा वायरमन खोटे बोललेला नाही, पण त्याने अर्धेच सांगितले. स्विचची जागा मात्र बदला. फ्यूजच्या डब्याशेजारचा स्विच छुपा म्हणता येत नाही, कारण चोराचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. आणि नवी जागा कोणती ठरवली, हे कृपा करून इथे लिहू नका.

जुना_वायरमन_ठाणे यांचे उत्तर

तुर्भेकर दादा, पेट्रोलच्या गाडीत ठिणगी बंद केली की इंजिन बंद पडते आणि छुप्या स्विचची सगळी कल्पना तिथूनच आलेली आहे. तुमच्या गाडीत ठिणगी नाहीच. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटते आणि ते डिझेल इंजिनाच्याच गिअरवर फिरणारा पंप ढकलत असतो, त्यामुळे एकदा इंजिन फिरू लागले की त्याला बॅटरीची गरज उरत नाही. तुमच्या गाडीत इंजिन बंद करण्यासाठी ओढायचा दट्ट्या असणार. ती केबल पंपावरचा लहानसा दांडा ओढते, डिझेल थांबते आणि इंजिन थांबते. त्या दांड्याचा आणि किल्लीचा काही संबंध नाही.

आता चोराच्या बाजूने पाहा. ज्याला जुन्या गाड्या ठाऊक आहेत तो किल्लीच्या वाटेला जातच नाही. तो गाडीखाली सरकतो, सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचवर) जिथे बॅटरीची जाड केबल येते तो बोल्ट आणि शेजारची किल्लीकडून येणारी बारीक तार यांच्यामध्ये पाना टेकवतो, आणि सेल्फ फिरतो. तुमचा स्विच, किल्ली, फ्यूज सगळे बाजूला राहते. बॅटरीच काढून ठेवली तरी दुसऱ्या गाडीने दोरी बांधून ओढत नेले आणि गिअर टाकला की इंजिन लागते. म्हणून जुन्या डिझेल गाडीत तार तोडल्याने फक्त नवशिका चोर अडतो. जाणकाराला अडवायचे असेल तर डिझेलच अडवावे लागते.

यासाठी मी दोन गोष्टी सुचवतो. पहिली गोष्ट सेल्फची. सध्याचा स्विच काढून टाका आणि इग्निशनची तार पूर्ववत जोडा. त्याऐवजी किल्लीकडून सेल्फला जाणाऱ्या तारेत रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) टाका : ३० क्रमांकाच्या पिनवर किल्लीकडून येणारी तार, ८७ वरून सेल्फकडे जाणारी, ८५ बॉडीला, आणि ८६ ला इग्निशनचा करंट एका छुप्या दाबबटणातून. खटक्याचा स्विच नको, हॉर्नसारखे दाबायचे बटण हवे. एका हाताने बटण दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची. याचा फायदा असा की गाडी बंद केल्यावर काही लक्षात ठेवावे लागत नाही, कारण बटण सोडले की वाट आपोआप तुटलेलीच असते. आणि इंजिन लागल्यानंतर या बटणाचे काही कामच उरत नसल्याने चालत्या गाडीत त्याचा उपद्रवही होत नाही. रिले साधी ३० अँपिअरची घेऊ नका. सोलेनॉइड आत ओढला जाताना क्षणभर बराच करंट खेचला जातो आणि हलक्या रिलेचे पॉइंट चिकटून बसतात. ७० अँपिअरची घ्या. पॉइंट चिकटलेली रिले कायम चालू राहते, म्हणजे तुमचा बंदोबस्त नाहीसा झालेला असतो आणि तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून आठवड्यातून एकदा बटण न दाबता किल्ली फिरवून पाहावी.

दुसरी गोष्ट डिझेलची. टाकीपासून फीड पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लहान पंपाकडे) जाणाऱ्या नळीत, चॅसिसच्या आतल्या बाजूला, पाव फेऱ्यात बंद होणारा पितळी कॉक बसवा. त्याचे आतले भोक नळीएवढेच हवे, नाहीतर चढावर भरलेली गाडी दम सोडेल. नळी सायलेन्सरपासून दूर ठेवा आणि क्लिपा चांगल्या प्रतीच्या वापरा. परत टाकीत येणाऱ्या डिझेलच्या नळीला मात्र हात लावू नका.

पण कॉक बसवण्याआधी बॉनेट उघडून पंप पाहा. चारही पाइप एका ओळीतून वर निघत असतील तर तो इनलाइन पंप आहे, त्याचा कॅम इंजिनच्या ऑइलवर चालतो आणि कधीतरी डिझेल तुटल्याने त्याचे मोठे नुकसान होत नाही. पाइप गोल डोक्यातून चहूबाजूंनी निघत असतील तर तो रोटरी पंप, आणि त्याला वंगण फक्त डिझेलचेच मिळते. कोरडा फिरला तर तो खराब होतो. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) नव्या गाड्यांना तर कॉकचा विचारही करू नये, तिथला पंप कोरडा फिरण्याचा खर्च गाडी सोडवून आणण्याच्या खर्चाइतका होऊ शकतो.

खारेगाव_रोजचा_प्रवासी यांचे उत्तर

वरच्या उत्तरात बटणाचा चालत्या गाडीत उपद्रव होत नाही असे आले आहे, त्या मुद्द्यावर मी अधिक भर देऊ इच्छितो : चालत्या गाडीचे इंजिन बंद पाडू शकेल असे काहीही बसवू नये. माझ्या आधीच्या टेम्पोला रोटरी पंप होता. त्याच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडला करंट मिळतो तोवरच डिझेल आत जाते, करंट तुटला की इंजिन बंद. एका गॅरेजवाल्याने मला सांगितले की त्याच तारेत स्विच टाकला तर सगळ्यात पक्के काम होईल, आणि त्याने घरातल्या दिव्याला वापरतात तसला स्विच लावून तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली. पहिल्या पावसाळ्यातच, मुंब्रा बायपासच्या उतारावर, मागे माल भरलेला असताना एक पिळलेली तार सुटली.

इंजिन बंद झाले की काय होते, हे ज्याने अनुभवले नाही त्याला नीट कळत नाही. या गाड्यांचे ब्रेक ऑइलचे असतात आणि पाय हलका लागावा म्हणून व्हॅक्यूमची मदत असते. तो व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्या मागेच बसवलेला असतो आणि इंजिनबरोबरच थांबतो. पहिल्या एक-दोन दाबांपुरता साठा उरतो, नंतर पेडल दगडासारखे होते. मी उरलेला एक दाब वाया न घालवता गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवली आणि डाव्या कडेला घासत थांबवली. त्यानंतर तो स्विच मी स्वतःच्या हाताने कापून काढला.

तेव्हा तारा पिळू नका. तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून घ्या, त्यावर तापवून आवळणारी नळी चढवा आणि जिथून करंट घेतला तिथेच, अगदी वीतभर अंतराच्या आत, फ्यूज टाका. एपीएमसीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात, हे तुम्हाला सांगायला नकोच.

कळंबोली_दहाचाकी यांचे पुन्हा उत्तर

माझी गाडी २४ व्होल्टची असल्यामुळे मोठ्या गाडीवाल्यांसाठी दोन शब्द. ४०७ मध्ये १२ व्होल्टची रिले चालते, आमच्याकडे ती थोड्याच दिवसांत जळते. मग काही जण शहाणपणा करून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट घेतात, त्याने एक बॅटरी उतरत राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही बदलाव्या लागतात. सरळ २४ व्होल्टची रिले मागावी.

मी बॅटरीचा मेन स्विचही वापरतो, ज्याची किल्ली काढून खिशात ठेवता येते. वायरमन साहेबांनी सांगितलेली पान्याची युक्ती त्याने बंद होते, कारण सेल्फपर्यंत करंटच पोचत नाही. एवढेच पाहावे की इंजिन चालू असताना तो चुकूनही फिरवू नये. बॅटरी एकदम सुटली की डायनॅमोचा व्होल्टेज उसळतो आणि त्याचे डायोड जातात. ज्यांनी जीपीएस लावला आहे त्यांनी तो मेन स्विचच्या आधी जोडावा, नाहीतर ज्या रात्री त्याची गरज असते नेमका त्याच रात्री तो स्वतःच्या लहानशा बॅटरीवर असतो.

विमा_आणि_पासिंग यांचे उत्तर

तांत्रिक बाजू वर आलीच आहे. विम्याच्या बाजूने एकच खुलासा करतो, कारण हा गैरसमज नेहमी दिसतो. चोरीविरोधी उपकरणासाठी हप्त्यात मिळणारी सवलत पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेल्या आणि रीतसर बसवल्याचा दाखला असलेल्या उपकरणालाच होती, आणि तीही स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. घरगुती बटणाला ती मिळत नाही, तेव्हा त्या आशेने काही करू नये. गाडी खरोखरच चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसांत गुन्हा नोंदवा आणि विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवा. दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. तुमचे कुलूप कोणत्याही किल्लीने उघडत असेल तर आधी ते बदला आणि बदलल्याचे बिल जपून ठेवा, कारण मूळ किल्ली कुठे गेली हा प्रश्न तेव्हा येतोच. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी करावे लागते. तिथे लोंबणाऱ्या तारा आणि गळणारी डिझेलची नळी दिसली तर अडचण होईल, नीट बांधलेला कॉक दिसला म्हणून होणार नाही.

तुर्भेकर_४०७ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे कामात गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला. पंप पाहिला, चारही पाइप एका ओळीत आहेत. इग्निशनचे कुलूप नवे घातले, सेल्फच्या तारेत ७० अँपिअरची रिले आणि दाबबटण बसवले, आणि डिझेलच्या नळीत कॉकही टाकला. दिवसा माल उतरवताना बटणावर भागते, रात्री मात्र खाली उतरून कॉक फिरवतो. सुरुवातीला दोन वेळा पहाटे कॉक उघडायचे विसरलो. पहिल्या वेळी गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद पडली आणि मी सगळा राग त्या बिचाऱ्या फिल्टरवर काढला, नंतर आठवले. आता रात्री कॉक बंद केला की त्याच्या शेजारचा एक जुना फडका किल्लीच्या कडीत अडकवून घरी नेतो. सकाळी किल्ली हातात घेतली की तेलकट फडकाही हातात येतो.

परवा रविवारी वायरमनलाच बोलावले आणि सांगितले की चोर समजून गाडी ने. तो पाना घेऊन खाली सरकला आणि अर्ध्या मिनिटात त्याने इंजिन लावले. बटणाची जागा शोधायची त्याला गरजच पडली नाही, जुन्या वायरमन साहेबांनी लिहिले होते तसेच. कॉक बंद होता, तरी गाडी रांगेतून निघाली, वळली आणि सिग्नलच्या अलीकडे गचके देऊन बंद झाली. मी पावले मोजली, साडेतीनशेच्या थोडी वर भरली. त्याने पाच-सहा वेळा सेल्फ मारला, पण काही झाले नाही. पुढे कॉक उघडून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंपाने नळीत शिरलेली एअर काढायला आम्हा दोघांना दहा मिनिटे लागली आणि दोघांचेही हात कोपरापर्यंत डिझेलने माखले.

एक अडचण उरली आहे. गाडी बंद पडली ती थेट रस्त्याच्या मध्यावर, आणि मागचा रिक्षावाला बोलायचे ते सगळे बोलून गेला. कॉक टाकीच्या बाजूला न ठेवता फीड पंपाच्या जवळ आणला तर मधल्या नळीतले डिझेल वापरायला मिळणार नाही आणि गाडी रांगेतून निघण्याआधीच थांबेल, असा माझा अंदाज आहे. फिल्टरमध्ये राहणाऱ्या डिझेलचे काय, ते मात्र जुन्या वायरमन साहेबांनी सांगावे.

जुना_वायरमन_ठाणे यांचे उत्तर

अंदाज अर्धा बरोबर आहे. मधल्या नळीतले डिझेल वाचेल, फिल्टरमधले जळेलच, त्यामुळे थोडी पावले तरी ती जाणारच. तरीही कॉक पुढे आणू नका. फीड पंपाजवळ आणला की तो बॉनेट उघडताच दिसतो आणि इंजिनाच्या उष्णतेत त्याचे आतले सील लवकर कडक होते. आहे तिथेच असू द्या. त्याची मूठ मात्र काढून घ्या आणि नुसता चौकोनी दांडा ठेवा, म्हणजे खाली हात घालणाऱ्याला तो नळीचा साधा जोड वाटेल. काढलेली मूठ त्या फडक्याबरोबरच कडीत अडकवा.