सनस्क्रीनच्या शेवया का निघतात?

द्राक्षवाली, तासगाव: दिवसभर बागेत असते. सनस्क्रीनवर मॉइश्चरायझर चोळलं की शेवया निघतात. ट्यूबवर डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन लिहिलंय. हे प्लॅस्टिकच ना? त्वचा श्वास कसा घेणार?

मिरजेची मावशी: अगं, क्रम उलटा झालाय. आधी मॉइश्चरायझर, ते मुरलं की सनस्क्रीन, आणि चोळायचं नाही, थापायचं. ट्यूबवरची ती दोन्ही नावं सिलिकॉनची. सायक्लोपेंटासिलोक्सेन नुसता वाहक, पसरवून झालं की उडून जातो. मागे डायमेथिकोनचा पातळ, लवचिक पापुद्रा राहतो. घामाला टिकणाऱ्या सनस्क्रीनमध्ये बऱ्याचदा ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट असतं, तो पापुद्रा जास्त चिवट. नीट बसायच्या आधी वरून घासलंस की तो गुंडाळून येतो, त्याच तुझ्या शेवया. आणि श्वास फुप्फुसं घेतात गं, कातडी नाही! पापुद्र्यातून वाफ जातेच, फक्त सावकाश. म्हणून तर भेगाळलेल्या हातांच्या क्रीममध्ये डायमेथिकोन घालतात.

बागाईतदार: फवारणीत सिलिकॉनचं स्प्रेडर टाकतो, तेच का हे?

मिरजेची मावशी: घराणं एक, काम उलटं. स्प्रेडर पाण्याला पानावर पसरवतं, डायमेथिकोन पाणी झटकतं. ती बाटली तोंडाला लावायचे प्रयोग नकोत, दादा.

द्राक्षवाली, तासगाव: रात्री साध्या पाण्यानं निघेल?

मिरजेची मावशी: चिवट असेल तर नाही. आधी क्लिन्झिंग ऑइल, मग फेसवॉश.