कुरिअरने पत्र पाठवणं बेकायदेशीर होतं का?

कुठेतरी वाचलं की भारतात पत्र पोचवायचा हक्क फक्त पोस्टाला होता. मग कुरिअरवाले इतकी वर्षं राजरोस धंदा कसा करत होते? कोणी नीट सांगेल का?

उत्तर १
होता की. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याचं कलम ४ बघा, पत्रं वाहून न्यायचा हक्क एकट्या सरकारला, सूट मोजकीच, म्हणजे मित्राच्या हाती फुकट दिलेलं पत्र, मुद्दाम धाडलेला निरोप्या, मालासोबतची मालाबद्दलची चिठ्ठी असलं काहीतरी. कुरिअरवाले पाकिटाला 'पत्र' म्हणायचेच नाहीत, पावतीवर 'डॉक्युमेंट' 😄 आणि सरकारही कानाडोळा करायचं. आता २०२३ चा नवा कायदा आलाय, १८ जून २०२४ पासून लागू, त्यात ही मक्तेदारी काढून टाकलीय, तिकिटं छापायचा हक्क तेवढा पोस्टाकडेच ठेवलाय.

उत्तर २
फक्त आपल्याकडेच नाही हो. जर्मनीत मक्तेदारी २००७ संपेपर्यंत होती, अमेरिकेत तर अजूनही आहे, आणि तिथे घराबाहेरच्या मेलबॉक्समध्ये तिकीट न लावता पत्रकं टाकली तर दंड होतो, बॉक्स तुमच्या पैशाने घेतलेला असला तरी!

प्रश्नकर्ता
भारीच! मग नव्या कायद्यात पत्र हरवलं तर भरपाई?

उत्तर १
तिथे फार आशा नको. नियमांत जेवढी जबाबदारी लिहिलीय तेवढीच. शिवाय देशाची सुरक्षा वगैरे कारणांसाठी पाकीट अडवून उघडायची मुभा आहेच, मला तरी ती कलमं जरा जास्तच मोघम वाटतात.